रापणीचा वाटा

नागपूर,
१२ ऑक्टोबर

प्रिय दिगू,

आठ महिने पत्र नाही, चूक माझीच. गुडघा बरा आहे. वाडीतलं किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आपली रापण, यंदा पाण्यात उतरलीच नाही, हा तुझा निरोप आल्यापासून चैन नाही. इथं नागपुरात हे कोणापाशी बोलू?

तुझं मालवणचं हस्तलिखित दोनदा वाचलं. सिंधुदुर्ग किल्ल्याला चाळीस पानं: २५ नोव्हेंबर १६६४ ची पायाभरणी, मोरयाचा धोंडा, पायात ओतलेलं शिसं, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. सगळं उत्तम. आणि रापणीला दीड पान! बाबल्या असता तर म्हणाला असता, बांगडा स्वतः खाल्लास आणि आम्हाला काटा वाढलास. भांडण जुनंच आहे. रापण म्हणजे पोटाचा धंदा, इतिहास नव्हे, असं तू तेव्हाही म्हणायचास. पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

'मासा कमी झाला' एवढ्यावर थांबू नकोस. पावसाळा सरला की बांगडा-तारलीचे थवे किनाऱ्याला लागतात, रापण त्यावरच जगते. यांत्रिक बोटींचे पर्ससीनवाले तोच थवा बाहेर घेरतात आणि जाळ्याचा तळ दोरानं आवळतात. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं त्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम दिला, पण रापणीचे भरीचे महिने तेच ना रे!

होडीनं अर्धगोल मारून दोन्ही टोकं किनाऱ्याला आणायची, हे पोरंही सांगतील. पुढचं लिही. दोन्हीकडची ओढ सारखी नसली की जाळं कलतं. खालचा वजनाचा दोर रेतीवरून उचलला गेला की मासा तळातून निसटतो. पाण्याची ओढ जास्त असली तर जाळं खडकावर जाऊन फाटतं. आणि मुख्य म्हणजे वाटे: होडीला किती, जाळ्याला किती, ओढणाऱ्याला किती, म्हाताऱ्याला आणि विधवेला किती, दुरुस्तीसाठी बाजूला किती. आकड्यांसकट हवं.

काहून एवढा मागं लागलो, ते सांगतो. आमच्याकडे भंडारा-गोंदियाचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव बघ. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ काढायची गावाची रीत मोडली आणि तलाव भरत गेले. पण पाण्याचे हक्क निस्तारपत्रकात, म्हणजे गावाच्या हक्कांच्या सरकारी नोंदीत, लिहिलेले होते. पाणीपट्टी मागायला आले तेव्हा शेतकऱ्यांच्या हातात दाखवायला कागद तरी होता. तुमच्या गाबीत मच्छीमारांच्या वाडीकडे काय आहे? सगळं वाडीतल्या आप्पांच्या तोंडी. किल्ल्याचे दगड आणखी शंभर वर्षं थांबतील, आप्पा ऐंशीच्या पुढे आहेत.

तेव्हा हस्तलिखित छापायला देऊ नकोस. आधी आप्पांजवळ वही घेऊन बस. एकाच हंगामाचे वाटे विचार, सगळ्या वर्षांचे एकदम विचारलेस तर ते चिडतात. मग तोच हंगाम बायकांना विचार. मासळी विकून किती आले, हे त्यांनाच पक्कं ठाऊक असतं.

वहिनींचा मोतीबिंदू काढला का? पोरीच्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. दिवाळीत येतो, सावजी मसाला आणतो. तिखल्याशी त्याची लढत तेव्हाच लावू.

तुझा,
प्रभाकर