विषय: शेजाऱ्यांशी सामाईक असलेली भिंत न विचारता पाडल्याबद्दल तक्रार

नमस्कार साहेब,

साताऱ्याच्या जुन्या पेठेतलं आमचं घर पाडून नवीन बांधायचं काम तुमच्या कंपनीला दिलंय. तुमच्या साइट सुपरवायझरला गेल्या चार दिवसांत कितीतरी फोन केले, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले, निळ्या टिका आल्या पण उत्तर नाही, म्हणून आता हे लेखी पाठवतेय.

गुरुवारी सकाळी आम्ही भाड्याच्या घरी असताना तुमच्या माणसांनी ब्रेकर लावून आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या मधली भिंत जिन्याकडून दहा-एक फूट उतरवली. ती भिंत आमची एकट्याची नाही हो. पांढऱ्या मातीत बांधलेली, दोन फूट जाडीची, दोन्ही घरांनी मिळून वापरलेली भिंत आहे आणि काकूंच्या माडीच्या चार तुळया त्याच भिंतीत बसवलेल्या आहेत. त्यातल्या एका तुळईचं टोक आता जेमतेम चार बोटं टेकलंय, माडीवर कुणी चाललं की खाली माती गळते, काकूंनी खाट उचलून स्वयंपाकघरात नेलीय. देवघराच्या कोनाड्यापासून वर तिरकी चीर गेलीय, तिच्यावर मी शुक्रवारी कागदाची पट्टी चिकटवून तारीख टाकली, रविवारी बघितलं तर पट्टी मधोमध फाटलेली. म्हणजे भिंत अजून सरकतेय.

सुपरवायझर म्हणाले, नगरपालिकेची परवानगी आहे, शेजाऱ्यांचा काय संबंध. संबंध आहे. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६, त्याखाली मिळते ती परवानगी आपल्या जागेत काय आणि किती बांधायचं याची, मधली भिंत कुणाची हे त्या कागदाने ठरत नाही. शेजाऱ्याच्या बांधकामाला आधार मिळण्याचा हक्क वेगळा आहे, तो भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ मध्ये आहे. कलम १५ प्रमाणे वीस वर्षं विनाखंड, हक्काने आणि कुणाच्या तक्रारीशिवाय असा आधार मिळत आला असेल तर तो पक्का हक्क होतो, आणि काकूंच्या तुळया तर त्या लग्न होऊन या घरात आल्या त्याच्याही आधीपासून तिथे टेकलेल्या आहेत. मला हे सगळं वकिलाकडे जाऊन समजून घ्यावं लागलं, खरं तर कोटेशनमध्ये 'सर्व कायदेशीर बाबी आमच्याकडे' असं लिहून देणाऱ्या कंपनीने मला हे आधी सांगायला हवं होतं.

दुसरं म्हणजे मोजणी. कोटेशनमध्ये सिटी सर्व्हेच्या मोजणीचे पैसे वेगळे लावलेत, आम्ही ते भरलेत, पण सिटी सर्व्हे ऑफिसात चौकशी केली तर अर्जच गेलेला नाही. मोजणी झाली असती तर लगतधारक म्हणून काकूंना नोटीस गेली असती, त्यांच्यासमोर हद्द दाखवली असती, क प्रत म्हणजे मोजणीचा हद्द दाखवणारा नकाशा हातात आला असता आणि मग भिंतीचं काय करायचं ते दोघांनी बसून लिहून घेतलं असतं. आता तुमच्या ड्रॉइंगमध्ये मागचे दोन कॉलम भिंतीच्या पलीकडच्या कडेला धरलेत, म्हणजे अख्खी भिंत आमची समजून. कशाच्या आधारावर?

आणि तो फूटिंगचा, म्हणजे नव्या कॉलमच्या पायाचा खड्डा. जुना दगडी पाया तीन फुटांच्या आसपास आहे, तुम्ही त्याला लागून साडेपाच फूट खाली गेलात आणि तेही एका दमात सगळ्या लांबीत, टेकू नाही, शोअरिंग म्हणजे खड्ड्याच्या बाजूंना आधार नाही. थोडं थोडं खणून, भरून मग पुढे जायचं असतं हे आमच्या गल्लीतल्या गवंड्यालाही माहीत आहे. शनिवारच्या पावसाने खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलंय, ते भिंतीच्या पायात मुरतंय.

बाबा आजारी होते तेव्हा रात्री दोन वाजता रिक्षा शोधायला याच काकूंचा मुलगा धावला होता. आता काकू ओट्यावर बसलेल्या असतात, बोलत नाहीत, आणि मला त्यांच्यासमोरून जायला लाज वाटते. ही चूक मी केलेली नसली तरी माणसं मीच लावलेली आहेत.

म्हणून सांगते, आज रात्रीच्या आत तुळयांखाली टेकू लावा आणि पाणी उपसा, उद्याची वाट बघू नका. तुमचा नको, बाहेरचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून दोन्ही घरांची पाहणी करा, चिरांचे फोटो-मापं काकूंना पण द्या, खर्च कंपनीचा. त्यांची भिंत दुरुस्त होईपर्यंत, मोजणी होईपर्यंत आणि काकूंशी लेखी करार होईपर्यंत आमच्या साइटवर त्या बाजूला एक घमेलं पण उचलायचं नाही. पुढचा हप्ता मी थांबवलाय. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात जाणार, कागद काढून ठेवलेत.

फोटो, कोटेशन आणि मोजणीच्या पैशाची पावती जोडलीय. टेकू घेऊन माणसं निघाली की मला फोन करा, काकूंकडची चावी मीच आणून देईन.

आपली ग्राहक