पाणंद ट्रॅक्टरसाठी होते, तशी चाकखुर्चीसाठीही होऊ द्या

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गावाभोवतीच्या पायवाटा म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, दिव्यांगांना आणि लहान मुलांना चालता येतील अशा करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी. आमच्या घरापासून मळ्यातल्या विहिरीपर्यंत सव्वा किलोमीटर वाट आहे. माझी आई चाळीस वर्षं या वाटेनं रोज गेली-आली. जाताना डोक्यावर भाकरीची पाटी, येताना गवताचा भारा. आळंदी ते पंढरपूर अकरा वेळा पायी गेलेली ही बाई चार वर्षांपूर्वी लकव्यानं उजव्या अंगानं अधू झाली. आता घरात चार पायांची काठी धरून चालते, बाहेर न्यायचं तर चाकखुर्ची. ती फार काही मागत नाही. एकदा एवढंच म्हणाली, "मला विहिरीवरची चिंच दाखवून आणा."

तिला घेऊन निघालो आणि मारुतीच्या देवळापासून तीनशे पावलांवर अडकलो. कुणी तरी ठिबकची पाइपलाइन वाटेला आडवी नेली होती. चर बुजवला होता, पण माती दाबली नव्हती. चाकखुर्चीची पुढची चाकं वीतभर असतात. ती त्या भुसभुशीत मातीत गपकन रुतली आणि आई पुढं झुकली. मुलानं तिला समोरून सावरलं, मी खुर्ची उलटी फिरवली आणि मागच्या मोठ्या चाकांवर ओढत पलीकडं काढली. पुढं दुसरा चर. मग शंभरेक पावलं नुसती मोकळी खडी. मग ओढा. ओढ्यापासून परत फिरलो. चिंचेचा शेंडा तेवढा उसाच्या तुऱ्यांवरून लांब दिसत होता. "दिसली," आई म्हणाली, आणि घर येईपर्यंत काही बोलली नाही.

त्यानंतर मी गावनकाशा काढून बघितला. आमची वाट त्यात आहे. गावनकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं, तो त्याहून रुंद. समोरासमोरून येणाऱ्या दोन चाकखुर्च्यांना एकमेकींच्या बाजूनं जायला १८०० मिलिमीटर, म्हणजे सहा फूट पुरतात. म्हणजे जागा आहे. नवीन भूसंपादन नको, कुणाचा गुंठाभरही नको. कागदावर सव्वाआठ फूट असलेली वाट जागेवर कुठं चार फूट राहिली आहे, कुठं दोन, एवढाच प्रश्न आहे.

ती खाल्ली कुणी, हे खरं सांगायला हवं. आम्हीच खाल्ली. दर नांगरटीला बांध इंचभर कोरायचा, वाटेच्या अंगाला नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, जास्त घालायचं. आमच्या शेताच्या कडेला मोजलं तेव्हा आमचा बांध दीड हात वाटेत निघाला. या उन्हाळ्यात आम्ही तो मागं घेतला. शेजाऱ्यांपैकी दोघांनी घेतला, एकानं अजून घेतलेला नाही. त्याच्याशी भांडायची माझी इच्छा नाही. वाट मोकळी करायला कायदा आहे, १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, तहसीलदार निकालही देतात. पण भावकीत दावा लावून कोण म्हातारीला फिरायला नेणार? शासनानं मोजणी करून दगड लावून दिले तर ते भांडण घराघरांत राहत नाही.

पाणंदींसाठी, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या वाटांसाठी, मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली. योजना चांगली आहे, तिची गरज मला शेतकरी म्हणून ठाऊक आहे. पावसाळ्यात ऊस अडकतो, टोमॅटोचे क्रेट डोक्यावरून आणावे लागतात. पण हा रस्ता करताना डोळ्यांपुढं ट्रॅक्टर असतो. मोठी खडी टाकली, वरून मुरूम भुरभुरला, झालं. पहिल्याच पावसात मुरूम वाहून जातो आणि खडी उघडी पडते. ट्रॅक्टरला त्याचं काही नाही. काठी टेकणाऱ्या माणसाचा मात्र घोटा मुरगळतो आणि चाकखुर्चीचं पुढचं चाक दोन दगडांत अडकतं. वरचा थर बारीक मुरमाचा घ्या, पाणी मारून रोलर नीट फिरवा, पाणी बाजूला निघेल एवढा ढाळ द्या, ओढ्या-चारीवर मोरीचे पाइप घाला. यातलं एकही काम नवीन नाही, गावच्या गवंड्यापासून मुकादमापर्यंत सगळ्यांना ते येतं. फक्त ते अंदाजपत्रकात लिहिलेलं नसतं. आणि आडव्या पाइपलाइनी वाटेखालून केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या मोठ्या पाइपातून, गेल्या पाहिजेत, वर चर उरता कामा नये, हेही त्यात यावं.

काही ठिकाणी तर वाट जवळजवळ तयारच आहे. पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाचे कालवे आमच्या भागातून जातात. पाणी आपोआप वाहावं म्हणून कालव्याला जो उतार असतो तो इतका थोडा की चाकखुर्ची ढकलणाऱ्याला कळतही नाही. उताराच्या रॅम्पला बारा फुटांत एक फूट चढ चालतो म्हणतात. कालव्याच्या कडेचा देखभालीचा रस्ता त्यापुढं पाटासारखा सपाट. सकाळी या रस्त्यानं चाललं की एका बाजूला पाणी, बगळे, दुसऱ्या बाजूला द्राक्षाचे मांडव, लांबवर शिवनेरी. फक्त पाण्याच्या अंगाला कठडा हवा आणि चारीवरच्या फळ्यांच्या जागी धड साकव हवा. कालवे आपल्या खात्याचे नाहीत हे मला माहीत आहे. जलसंपदा खात्याशी आपण एकदा बसलात तर हे होईल.

आमच्याकडं बिबट्या आहे, हा आक्षेप कुणीही घेईल आणि तो खरा आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. म्हणूनच दोन्ही बाजूंनी ऊस अंगावर येणारी, वेड्या बाभळींनी झाकलेली अरुंद वाट ही सगळ्यात वाईट. सव्वाआठ फूट मोकळी, कडेचं गवत कापलेली वाट दिवसाउजेडी जास्त सुरक्षित असते. शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी तर ती आजच हवी आहे. दुसरी भीती झटका मशीनच्या, म्हणजे शेताभोवतीच्या विजेच्या कुंपणाच्या, तारेची. माझ्या चुलतभावाला दिसत नाही, तो पांढऱ्या काठीनं चालतो. वाटेला चिकटून ओढलेली तार त्याला काठीनं कळते, पण कळते तेव्हा उशीर झालेला असतो. तार वाटेच्या हद्दीपासून किती आत असावी, याचा नियम ग्रामसभेत ठरवून घ्यायला लावा.

बसायची जागा हा लोकांना किरकोळ मुद्दा वाटतो. आईला विचारा. दीडशे-दोनशे पावलांवर टेकायला मिळालं तर ती काठीवर अर्धी वाट स्वतः चालेल, नाही मिळालं तर घराबाहेरच पडणार नाही. आपल्याकडं त्यासाठी पार आहेत. वडाला, पिंपळाला, चिंचेला बांधलेले. फक्त ते गुडघ्याच्या उंचीचे हवेत, म्हणजे उठताना हाताला जोर द्यावा लागत नाही.

इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्ट म्हणून डोंगर-तळ्यांचा मुलूख आहे. तिथं कुंपण ओलांडायच्या पायऱ्या नसलेल्या वाटांची वेगळी यादी केली आहे आणि प्रत्येक वाटेपुढं लिहिलं आहे : सर्वांसाठी, बऱ्याच जणांसाठी, किंवा काही जणांसाठी. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. शिवनेरीला सात दरवाजे आहेत, लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. तिथं सगळ्यांना नेता येईल असं मी म्हणत नाही. पण वाटेच्या तोंडाशी एक पाटी असावी : लांबी किती, चढ कुठं, पार किती, पावसाळ्यात ओढ्याला पाणी किती येतं. तेवढं वाचून माणूस स्वतःचं स्वतः ठरवतो. २०१८ मध्ये शासनानं जुन्नर पर्यटन तालुका जाहीर केला. बाहेरून येणाऱ्यांत आजी-आजोबा असतात, पाळण्यातली लेकरं असतात. ती आज गाडीतच बसून राहतात.

कायद्याचं बोलायचं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीत इतरांच्या बरोबरीनं भाग घेण्याचाही हक्क येतो. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडं वावरता यावं यासाठीचे, नियम नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, बंधनकारक किमान मानकं हवीत, असं स्पष्ट केलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. आईसारख्या किती जणांची त्यात गणना आहे, मला शंका आहे. म्हातारपणानं बसलेल्या माणसाला घरचेही दिव्यांग म्हणत नाहीत. पैशाला ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी आहे, मजुरीला रोजगार हमी आहे, आणि तो कायदा महाराष्ट्रानंच १९७७ साली आधी केला.

माझी मागणी मोठी नाही. सुरुवातीला प्रत्येक गावात अशी एकच वाट घ्या, गावनकाशावरची, देवळापासून किंवा शाळेपासून निघणारी. आणि तिचं बिल निघण्याआधी मोजमाप पुस्तिकेवर अभियंत्याची सही होते त्याच दिवशी गावातल्या एका चाकखुर्चीतल्या आणि एका काठीवर चालणाऱ्या माणसाला त्या वाटेवरून शेवटपर्यंत नेऊन आणा. ती माणसं जिथं अडकतील तिथलं काम अपुरं समजा. ही एक अट घातली तरी बाकी सगळं आपोआप सुधारेल असं माझा अनुभव सांगतो.

संक्रांतीनंतर आमच्या शिवारात ऊसतोड होते आणि वाट पुरती उघडी पडते. त्या सुमारास आपण या भागात आलात तर सकाळी साडेसातला मारुतीच्या देवळापाशी या. आई खुर्चीत तयार असेल. ओढ्यापर्यंत आपण बरोबर जाऊ, पुढं कसं जायचं ते तिथं उभं राहून ठरवू.

आपला नम्र,
जुन्नर तालुक्यातील एक शेतकरी