तावदाने मोजली, माणसे राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मनोरुग्ण कक्षातल्या मारहाणीची बातमी काल वाचली. तावदाने किती फुटली ते वार्ताहराने मोजून दिले आहे. रात्रपाळीला माणसे किती होती, हे विचारायला बहुधा त्यांना वेळ मिळाला नसावा.

अशाच एका कक्षात मी परिचारिका होते. चोपड्याकडचा एक रुग्ण घरच्यांनी जीपमध्ये दोरीने बांधून आणला. "दारू घेतो का?" विचारले तर सगळे एका सुरात नाही म्हणाले. दुसऱ्या रात्री त्याला कापरे सुटले, चादरीवर नसलेल्या मुंग्या तो झटकू लागला. दारू अचानक तुटली की असे होते. खरे सांगितले असते तर औषध आल्याबरोबर सुरू झाले असते. तो खाटेवरून उड्या टाकू लागला, तेव्हा डॉक्टरांच्या लेखी आदेशाने मऊ पट्ट्यांनी मनगटे बांधली, वहीत नोंद केली. पहाटे भाऊ आला. "आमना माणूसले कसाले बांधं?" म्हणत त्याने कक्षसेवकाची कॉलर धरली. मी मध्ये पडले आणि सलाईनच्या स्टँडचा फटका माझ्या हातावर बसला. हाड मोडले. जीपमध्ये दोरीची गाठ मारणारा हाच भाऊ, बरे का! आणि तो उभा होता नेमका रुग्णालयातल्या माणसांवरील हल्ल्यांविरुद्धच्या 2010 च्या कायद्याच्या पाटीखाली: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र.

रुग्णावर माझा राग नाही, त्याला शुद्धच नव्हती. राग पुढच्या गोष्टीचा आहे. "कशाला पोलिसांचं झंझट, सिस्टर," म्हणत साहेबांनी चहा मागवला. अहवालात मी पाय घसरून पडले असे आधीच टाइप झाले होते. मग कामावर झालेल्या इजेसाठीची विशेष विकलांगता रजा कसली मिळते? माझीच अर्जित रजा कापली.

2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारले, डोळ्याला गंभीर इजा झाली, तेव्हा राज्यभरचे डॉक्टर रजेवर गेले. योग्यच केले. कक्षसेवकासाठी कोण जाणार?

जाता जाता आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी "करणी, भूतबाधा, खात्रीशीर इलाज" अशी जाहिरात आहे, मोबाईल नंबरासकट. जादूटोणाविरोधी कायदा होऊनही (2013) आपल्या अंकात ती चालते असे दिसते. वरच्या रुग्णालाही आधी भगताकडेच फिरवले होते. त्या चौकटीचा दर कृपया कळवावा. रात्रपाळीच्या माणसांची बातमी तेवढ्या जागेत बसते का, पैसे भरून बघू.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अमळनेर