पाटीवरची अक्षरं मोजता, तसं ब्रेकचं पॅडही मोजा : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
कर्नाटक शासन, बेंगळुरू.

महोदय,

सादर नमस्कार. आपल्यामागे व्याप फार, याची कल्पना आहे. पण गेल्या आठवड्यात ब्रेकच्या कामात गॅरेजवाल्याने फसवल्याच्या माझ्या तक्रारीवर आपल्या खात्याच्या एका कार्यालयातून मला जे उत्तर आलं, त्यानंतर आपल्याला लिहिण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. उत्तर दोन ओळींचं आहे. खासगी गॅरेजमध्ये झालेल्या कामाशी या कार्यालयाचा संबंध येत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. हाच अर्ज जनता दर्शनात, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याच्या कार्यक्रमात, मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातात घेतला होता, चार लोकांसमोर "चौकशी लावतो" म्हणाले होते आणि शेजारच्या माणसाने तसा फोटोही काढला होता. चौकशी कुठे लागली कोण जाणे. तक्रार निकाली निघाली आणि गॅरेज मात्र रोज सकाळी नऊला उघडतंय.

प्रकरण थोडक्यात सांगतो. म्हणजे थोडक्यात सांगायचं ठरवलंय, जमेल की नाही ते बघू.

चवथीला आम्ही फोंड्याला मेहुणीकडे निघणार होतो. गोव्याला जायचं म्हणजे जांबोटी, कणकुंबी आणि पुढे चोर्ला घाट, तोही पावसात. म्हणून आधी गाडी दाखवली. गॅरेजवाल्याने चाक काढून बघितलं न बघितलं आणि सांगितलं, "पॅड गेलेत की हो सर. डिस्कवर लाइन पडल्यात. ब्रेक ऑइल काळं झालंय. असंच घाटात घेऊन गेलासा तर माझी जबाबदारी नाही." घाटाचं नाव काढलं की बेळगावचा माणूस पाकीट काढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पुढचे पॅड नवीन, डिस्क टर्निंग (चाकाबरोबर फिरणारी तबकडी घासून सपाट करणं), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सर्व्हिस, ब्रेक ऑइल बदलून ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणं), असं सगळं सांगून संध्याकाळी गाडी दिली. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं पायजे तर जीएसटी लागतंय बघा, अठरा टक्के." वहीच्या पानावर आकडे मांडून दिले, खाली सही नाही, शिक्का नाही. पुढच्या सीटवर कंपनीचा खोका ठेवला होता आणि त्यात दोन जुने पॅड. "तुमचेच. खात्रीला ठेवा."

चोर्ल्याचा उतार सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वळणाला पेडल मऊ लागायला लागलं. धुकं इतकं की पुढची गाडी दिवे लावूनही दिसत नव्हती. आणखी दोन वळणं गेली आणि पेडल थेट तळाला टेकलं. पायाखाली काहीच लागेना. मागच्या सीटवर नातू झोपलेला. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं तेव्हा गाडी थांबली. समोर ठेवलेला कुंद्याचा डबा काचेवर फुटला, माझा गुडघा स्टिअरिंगखाली आपटला आणि सौभाग्यवतींनी जे काही म्हटलं ते खुल्या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

गोव्यातल्या साखळी गावच्या एका मेकॅनिकने गाडी ओढून नेली आणि माझ्यासमोर चाक उघडलं. पॅडवर घासायचा थर उरलाच नव्हता, मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती. पट्टीच्या कडेवर मात्र ताजा काळा स्प्रे मारलेला. नखाने खरवडला तर खाली गंज. कॅलिपर बाहेरून पेट्रोलने धुऊन चकचकीत. मास्टर सिलिंडरच्या डब्यातलं ऑइल कोकमाच्या आगळासारखं. मग त्याने माझ्या खोक्यातले "तुमचेच जुने" पॅड घेतले आणि कॅलिपरला लावून दाखवले. बसेनात. आकारच वेगळा. "बाब, हे तुमच्या गाडयेचे न्हयच." म्हणजे पैसे माझे, खोका तिसऱ्याचा, पॅड चौथ्याचे आणि गाडीत होतं ते सगळं जुनंच.

आपण परिवहन खातं सांभाळता, तेव्हा उतारावर काय होतं ते आपल्याला सांगायची गरज नसावी. तरी सांगतो, कारण आपल्या कार्यालयात ते कोणाला माहीत असल्याचं दिसलं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. उतारावर सतत ब्रेक मारल्यावर, त्यातून लोखंडावर लोखंड घासत असेल तर, तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. ऑइलची वाफ झाली की पाय वाफ दाबतो, ब्रेक दाबत नाही. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. पॅडचा थर नवीन असताना साधारण १० मिलिमीटर असतो, तो तीनवर आला की पॅड काढायचे. हे मोजायला व्हर्निअर लागतो, इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

यातली दुसरी तऱ्हाही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल छोट्या गॅरेजवाल्यांवर राग काढतोय. त्याच्या बऱ्याच आधी हीच गाडी एका मोठ्या, काचेच्या शोरूमवाल्याकडे नेली होती. एसी, कॉफी, टॅबलेटवर लाल-पिवळी-हिरवी चित्रं. "ब्रेक रेड झोनमध्ये आहेत सर, फॅमिलीची सेफ्टी आहे." किती मिलिमीटर राहिलेत विचारलं तर मुलगा गोंधळला, आत गेला, परत येऊन म्हणाला, "सिस्टीममध्ये तसं येत नाही." उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेल्या माझ्या मित्राने मोजून बघितलं, सात भरले. एक जण भीती घालून चांगलं असलेलं बदलायला लावतो, दुसरा बदलतो म्हणून सांगून बदलत नाही. मधल्यामध्ये आमचं मरण. प्रामाणिक मेकॅनिक बेळगावात नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, पुष्कळ आहेत. या दोघांच्या स्वस्ताई आणि थाटापुढे तेच आधी शटर ओढतात.

घरी आल्यावर गॅरेजमध्ये गेलो. "घाटात पाय ब्रेकवर ठेवून चालवलं असणार सर. असं कोण चालवतंय?" हे त्याचं उत्तर. पोलिसांकडे गेलो. अपघात गोव्याच्या हद्दीत, गॅरेज कर्नाटकात, आणि मेलं कोण? कोणीच नाही. मग सिव्हिल मॅटर. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम आहे, असं म्हणालो तर हवालदार माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच पॅड चोरले. विमा कंपनी म्हणते यांत्रिक बिघाड पॉलिसीत धरत नाहीत. पुढची गंमत ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे सदोष गाडी चालवणाऱ्याला १५०० रुपये दंड. त्यातून कोणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड. म्हणजे त्या दिवशी गटाराऐवजी समोरच्या दुचाकीवर गाडी गेली असती, तर बोट माझ्याकडे! २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. अधिसूचित सुरक्षा-भाग निकषात बसत नसताना विकला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे एक लाख रुपये दंड. छान. पण माझ्या गॅरेजवाल्याने नकली पॅड विकला कुठे? त्याने काहीच विकलं नाही, नुसते पैसे घेतले. नकली माल घालणारा अडकेल आणि काहीच न घालणारा सुटेल, एवढी अक्कल लावून कायदा लिहिलाय.

ड्रायव्हिंग स्कूल काढायचं तर तुमच्या खात्याचं लायसन्स लागतं. धुराचं सर्टिफिकेट देणाऱ्याला तुमची परवानगी लागते. गाडी थांबेल की नाही, हे ज्याच्या हातात, त्याला मात्र ना परीक्षा ना लायसन्स. महापालिकेचं ट्रेड लायसन्स, एक शटर आणि एक हवेचा कॉम्प्रेसर असला की झाला तो ब्रेक एक्स्पर्ट. आणि खासगी गाडीला नोंदणीची पंधरा वर्षं संपेपर्यंत फिटनेससाठी कोणी विचारत नाही.

देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, हा केंद्र सरकारचाच आकडा. त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या नावावर लिहिलेली आहेत. चाक उघडून बघितलं कोणी? गाडी दरीत गेली की लिहा अतिवेग, ड्रायव्हर तर बोलायला उरलेला नसतो. माझ्या हिशेबाने यातल्या दहातल्या दोन-तीन तरी असल्या गॅरेजवाल्यांच्या नावावर असायला हव्यात. माझा आकडा चुकीचा असेल तर खरा तुम्ही काढा, यंत्रणा तुमच्याकडे आहे.

की यंत्रणा दुसरीकडे गुंतलीय? कारण त्याच गॅरेजच्या पाटीवर नियमाप्रमाणे साठ टक्के कन्नड आहे की नाही, हे बघायला माणसं येऊन गेली. टेप लावून, फोटो काढून, नोटिशीची धमकी देऊन. पाटी दोन दिवसांत बदलली. आमच्या भागात अक्षरांची उंची मोजणारं सरकार आहे, पॅडची जाडी मोजणारं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका कंडक्टरच्या भांडणावरून दोन राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. एवढी चपळाई आम्ही एरवी कधी बघितली नाही. बेळगावजवळ हलग्याला २०१२ साली अधिवेशनासाठी एवढी मोठी सुवर्ण विधानसौध उभी केलीत. हिवाळ्यात दहा दिवस येता, एकमेकांवर ओरडता आणि बेंगळुरूला परत जाता. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. त्याचं काय व्हायचं ते होवो, पण तोवर आमच्या गाड्या तरी थांबायला नकोत का? पलीकडच्या सरकारचंही कौतुक नको. त्यांना आम्ही भाषणात आठवतो. चंदगडकडे गेलो तर तिथले म्हणतात तुमची गाडी केए-२२, तुमच्या राज्यात बघा. कर घेताना मात्र कोणी असं म्हणत नाही. गाडी घेताना किमतीच्या १४ टक्के आजीवन कर मी एकरकमी भरलाय, वर सेस वेगळा. तेव्हा कोणीही "खासगी गाडीशी आमचा संबंध येत नाही" असं लिहून पैसे परत केले नाहीत.

माझा गुडघा अजून सुजतो. रात्री उतारावर असल्यासारखा पाय झाडतो म्हणे, बीपीची गोळी वाढली. नातू गाडीत बसला की "आजोबा, हळू" म्हणतो, गाडी गेटबाहेर निघायच्या आधीच. सौभाग्यवतींनी तर निकाल लावलाय, खानापूरला बहिणीकडे मी बायकांसाठीच्या शक्ती योजनेतून बसने फुकट जाते, तुम्ही मागून या नाहीतर नका येऊ. तुमच्या सरकारने आमच्या घरात जे काही साधलं ते एवढंच.

मागायचं म्हणून मागतो. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजची तुमच्या खात्याकडे नोंदणी करा. काम करण्याआधी आणि नंतर चारही चाकांच्या पॅडची किंवा लायनिंगची जाडी मिलिमीटरमध्ये बिलावर लिहायला लावा, आणि जुना भाग गिऱ्हाइकासमोर काढून त्याच्याच हातात द्यायला लावा. ब्रेक टेस्टर असेल तिथे आठवड्यातून एक दिवस खासगी गाड्यांना फी घेऊन तपासून द्या. फुकट नको. तक्रारीचा अर्ज कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही ठेवा, कारण खानापूर आणि निपाणीकडचा म्हातारा शेतकरी आपली जीप घेऊन कुणाकुणाला अर्ज लिहून द्या म्हणत फिरणार? यात क्रांतिकारक काही नाही. खर्च म्हणाल तर अधिवेशनातल्या एका दिवसाच्या जेवणावळीत भागेल.

बाकी मी माझं बघतोय. बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे असं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला जिल्हा आयोगात फी नाही आणि मी राहतो तिथेच तक्रार करता येते. तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच, असं कायद्यात छापलंय. ओळखीचे वकील हे वाचून हसले. पॅड कधी घातलेच नव्हते हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा दाखला लागेल म्हणतात. तो दाखला कोण देणार, हे तुमच्या कार्यालयाला पत्राने विचारलंय. या वेळी अर्ज हातात न देता स्पीड पोस्टाने पाठवलाय आणि पोचपावती जपून ठेवलीय. उत्तराची मुदत तीस दिवस धरतो. अधिवेशन बेळगावात भरेल तेव्हा पॅड, तो खोका आणि वहीचं पान घेऊन हलग्याला येणार आहे. गेटवर अडवू नका म्हणून आधीच सांगून ठेवावं.

कळावे,

आपल्या खात्याचा एक करदाता,
शहापूर, बेळगाव