हस्तिदंती संग्रहाचे पुढे काय?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. आपल्यामागे संग्रहाचे काय होणार, हा प्रश्न स्मरण शाबूत असतानाच तू मनावर घेतलास, हे फार बरे केलेस. मात्र बुद्धिबळाचा संच मुलीला, जडावाची पेटी मुलाला आणि उरलेले विकून त्याचे पैसे दोघांना, ही तू मांडलेली वाटणी चांदीच्या भांड्यांना शोभली असती. हस्तिदंताच्या बाबतीत ती तशीच्या तशी चालणार नाही.

याचे कारण असे की, एकच वस्तू एका देशात वारसा ठरते आणि दुसऱ्या देशात अडचण. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची विक्री बंद आहे. मालकीचे प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने पुढे जाऊ शकते, पण वारसाने ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना तसे कळवावे लागते. ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून अमलात असलेला कायदा भेट देण्याच्या किंवा वारसा सोडण्याच्या आड येत नाही, विक्रीच्या मात्र येतो. तिथे १९४७ पूर्वीची वस्तू हस्तिदंताचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असेल, तर नोंदणी करून विकता येते. म्हणजे झाकणावर नखाएवढ्या पाकळ्या बसवलेली तुझी लाकडी पेटी त्यात बसावी. बुद्धिबळाचा संच कितीही जुना असला तरी या सवलतीत बसणार नाही, कारण तो अखंड दाताचाच आहे. शिवाय सरहद्द ओलांडायची म्हटली की साइट्स कराराचे, म्हणजे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे, परवाने आलेच. तेव्हा मुले ज्या देशांत राहतात तिथले नियम एखाद्या जाणत्या वकिलाकडून लेखी समजून घे, आणि मगच मृत्युपत्राला हात घाल.

पण माझ्या मते खरे काम त्याच्याही आधीचे आहे. संचातला पांढरा घोडा आपण एकदा भिंगाखाली धरला होता, ते आठवते ना? तळाच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली होती आणि तू लहान मुलासारखा हरखला होतास. हाडात ती जाळी नसते, तिथे काळसर ठिपके दिसतात. त्या जाळीवरून वस्तू हस्तिदंताची आहे एवढे कळले, पण कधीची आहे ते कळले नाही. कार्बनची चाचणी करता येते. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला, त्यामुळे हत्ती त्याआधीचा की नंतरचा हे ओळखता येते. मात्र त्यासाठी घोड्याचा कण खरवडून द्यावा लागेल, आणि दात कोरला केव्हा व घरात आला केव्हा, हे तरीही अनुत्तरितच राहील. ते सांगतात फक्त कागद. माझ्या वडिलांच्या हस्तिदंती मुठीच्या काठीबरोबर एक पिवळी पडलेली पावती होती. आवराआवरीत ती मीच रद्दीत टाकली, आणि आता त्या काठीचे वय माझ्या शब्दाखेरीज कोणीच सांगू शकत नाही. कायद्यापुढे माझ्या शब्दाची किंमत काय, ते तू जाणतोसच.

म्हणून एक वही घाल. प्रत्येक वस्तूचे माप, वजन, छायाचित्र, ती कोणाकडून आणि कोणत्या साली आली, आणि ज्याची खात्री नाही तिथे सरळ 'ऐकीव' असे लिही. जुनी पत्रे, पावत्या, ज्यांत ती वस्तू मागे फडताळावर दिसते असे घरचे फोटोसुद्धा, मूळ स्वरूपात जप. संच कुणालाही दे, पण ३२ सोंगट्या एकत्रच राहू देत. संग्रहालयाचा विचार असेल तर त्यांना आत्ताच विचार. तुझ्या पश्चात दारात आलेले खोके ते बहुधा परत पाठवतील. विकण्याचा मोह मात्र सोड, असे मी स्पष्टच म्हणेन. त्या पैशापेक्षा मुलांच्या डोक्याला होणारा ताप मोठा आहे.

आणि हो, छायाचित्रे काढण्यापूर्वी सोंगट्या 'उजळवण्या'च्या भानगडीत पडू नकोस. पाण्याने दात फुगतो, वाळताना तडकतो. घोड्याच्या तळाची भेग अशाच कुणाच्या तरी स्वच्छतेची खूण असावी असा मला दाट संशय आहे. पुढच्या महिन्यात मी भिंग आणि वही दोन्ही घेऊन येतो. तोवर संचाच्या खोक्यात झाकणाला आतून चिकटवलेली ती चिठ्ठी सोडवायला जाऊ नकोस, आहे तशीच राहू दे.

तुझा स्नेही