सिस्टर, तुमचं ते पान अजून भिंतीवर आहे

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

नाव घालत नाही, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. खानापूरचे गुरुजी, म्हणजे माझे वडील, आमचे आप्पा, म्हटलं की ओळखाल. भर पावसात बेळगावला आणलेले, जठराच्या अस्तरात सुरुवातीचा कॅन्सर निघालेला. पोट न फाडता दुर्बिणीतूनच, खाली सलाईन टोचून तो भाग उचलला आणि सोलून काढला. बाहेर एक ओरखडा नाही, त्यामुळे आप्पा दुसऱ्याच दिवशी घरी जायच्या गोष्टी करू लागले.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "गुरुजी, जखम आत हाय. टाके नाहीत तिला. भरायला दोन महिने लागतात." डॉक्टरांनी उघड्या दिसणाऱ्या रक्तवाहिन्या तिथल्या तिथे डागल्या होत्या. तरी शंभरात पाचेक जणांना नंतर रक्तस्राव होतो, तोही बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, हे आम्हाला तुमच्याकडून नीट कळलं. आम्लात रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून पित्ताची गोळी नाश्त्याआधी अर्धा तास, चुकवायची नाही, हेसुद्धा.

मग तुम्ही आमची औषधांची पिशवी बेडवर पालथी केलीत. त्यात गुडघ्यासाठी मेडिकलातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची पाकिटं निघाली. आप्पांनी ती डॉक्टरांनाही सांगितली नव्हती! गुडघेदुखीची गोळी हे काय औषध आहे का, असा त्यांचा हिशेब. त्यानं रक्तस्राव वाढतो म्हणून ती तुम्ही बंद करवलीत. हृदयाच्या अ‍ॅस्पिरिनला मात्र हात लावू दिला नाहीत. ती कधी थांबवायची, कधी सुरू करायची हे हृदयाचे आणि पोटाचे, दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील, म्हणालात.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. तुम्ही घरी कन्नड बोलणाऱ्या, पण आप्पांना वाचता यावं म्हणून वहीचं पान फाडून मराठीत लिहून दिलंत: 'शी काळी, चिकट, डांबरासारखी, घाण वास, चक्कर. वाट बघू नका.' डांबर हा शब्द तुमच्यात नि आमच्यात एकच, हे मला तेव्हा कळलं.

नवव्या दिवशी तसंच झालं. घरात सगळे म्हणाले, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत, त्यानं काळं होतंच. खरंय, होतं. पण चिकट? आणि तो वास? आईनं पान वाचलं आणि गाडी काढायला सांगितली. रात्री पुन्हा दुर्बीण घातली, एक वाहिनी पाझरत होती, तिला क्लिप लावली. रक्ताची बाटली चढवावी लागली नाही. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

आता आप्पा आंबील-भात खातात, कुरकुरतात, म्हणजे बरे आहेत. ते पान कॅलेंडरशेजारी चिकटवलंय. त्यात तुम्ही 'जखम'चं 'जकम' केलंय. तीस वर्षं मराठी शाळेत पोरांच्या वह्या लाल शाईनं रंगवलेला माणूस. मी दुरुस्त करायला पेन घेतलं तर हात धरला त्यांनी माझा.

आपला,
गुरुजींचा थोरला