सहलींच्या जाहिरातींत वेळही छापला जावा

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीतील युरोप सहलींच्या जाहिराती ठिकाणांची संख्या ठळक अक्षरांत सांगतात, पण त्या ठिकाणी उभे राहायला किती वेळ मिळेल, हे सांगत नाहीत. आमचे पाच जणांचे कुटुंब नऊ दिवसांत चार देश पाहून नुकतेच परतले आणि ज्या प्रसंगांच्या आठवणीने आम्ही अजून पोट धरून हसतो, त्यांतला एकही कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासाठी आम्हाला दीड तास दिला होता. ‘मोनालिसा’ जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद. त्यामुळे सासूबाईंना तिचे दर्शन घडले ते पुढच्या गृहस्थांनी उंच धरलेल्या मोबाइलच्या पडद्यावर! गर्दीला कंटाळून आमची सात वर्षांची मुलगी मागे वळली, तर समोरच्या भिंतीवर चित्रकार वेरोनेझेने १५६३ मध्ये पूर्ण केलेले, जवळजवळ दहा मीटर रुंदीचे लग्नाच्या मेजवानीचे चित्र होते आणि बहुतेक सारे दालन त्याच्याकडे पाठ करून उभे होते. तिने त्यात वादक शोधले, कुत्री शोधली आणि उजवीकडे रांजणाला नखे लावत लोळणारी मांजरही शोधली. आजी आणि नात एकेक पाहुणा मोजू लागल्या, पंचवीसपर्यंत पोहोचल्या आणि बस सुटणार असल्याचा निरोप आला.

इटलीतल्या पिसाच्या कलत्या मनोऱ्यासाठी चाळीस मिनिटे होती. फोटोत मनोऱ्याला आधार दिल्यासारखे दिसावे म्हणून हिरवळीवर शंभरेक माणसे रिकाम्या हवेला टेकू देत उभी असलेली पाहून सासूबाईंनी विचारले, “मनोरा पडतोय, तर ही मंडळी त्याच्याखाली का थांबली आहेत?” त्याचे बांधकाम ११७३ मध्ये सुरू झाले, एका बाजूची जमीन मऊ असल्याने तो बांधतानाच कलला, १९९० मध्ये तो पर्यटकांसाठी बंद करावा लागला आणि उंच राहिलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून कल कमी केल्यावर २००१ मध्ये पुन्हा खुला झाला, हे सारे आम्ही बसमध्ये वाचले. मुलाला तेव्हा ती बाजू बघायची होती. मनोरा मात्र मागे राहिला होता.

सहल आखणाऱ्यांनी प्रत्येक शहरात निदान अर्धा दिवस मोकळा ठेवावा आणि आपण जाहिरात स्वीकारताना प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष मिळणारा वेळ छापण्याचा आग्रह धरावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक